आवडती आणि नावडती पाककृती : घरचा पदार्थ कसा लिहावा?



'माझा आवडता पदार्थ' हा निबंध आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलेला असतो. त्यात पुरणपोळी येते, आमरस येतो, पावभाजीही येते. पण 'माझा नावडता पदार्थ' असा निबंध कुणी लिहायला सांगत नाही. खरं तर त्या विषयावर मुलांकडे सांगण्यासारखं जास्त असतं! कारलं म्हटलं की अख्खा वर्ग बोलायला लागतो.

आज आपण दोन्ही लिहायला शिकूया. घरातल्या माणसांना आणि मित्रमैत्रिणींना विचारून एक आवडती आणि एक नावडती पाककृती कशी लिहायची, आणि ती लिहिताना काय सांभाळायचं, ते पाहूया.

'आवडत नाही' आणि 'वाईट आहे'

ही दोन वाक्यं वाचा.

१. मला कारल्याची भाजी आवडत नाही.
२. कारल्याची भाजी घाणेरडी असते.

पहिलं वाक्य माझ्याबद्दल आहे. माझ्या जिभेला काय वाटतं ते मी सांगितलं, त्यावर कुणी भांडू शकत नाही. दुसरं वाक्य भाजीबद्दल आहे, आणि ते खरं नाही. कारण त्याच वर्गात कारल्याचे कुरकुरीत काप आवडीने खाणारं एखादं मूल असतंच.

हा फरक फक्त व्याकरणाचा नाही बरं का. मधल्या सुट्टीत डबे उघडतात. कुणाच्या डब्यात नाचणीची काळपट भाकरी असते, कुणाच्या सुकट, कुणाच्या शेपूची भाजी. शेजारचा नाक मुरडून "शी, हे काय आणलंय!" म्हणतो. दुसऱ्या दिवशी ते मूल डबा झाकून खातं, आणि तिसऱ्या दिवशी घरी सांगतं, "आई, मला ही भाकरी देऊ नको, पोळीच दे." ज्या आईने पहाटे उठून भाकरी थापली, तिला कारणही कळत नाही. नाचणीत भरपूर कॅल्शियम असतं, वाढत्या वयाला ती चांगली, पण एका 'शी'मुळे ती डब्यातून गेली.

म्हणून नावडत्या पदार्थावर लिहिताना पहिला नियम असा : माझ्या जिभेबद्दल लिहायचं, दुसऱ्याच्या घराबद्दल नाही.

एकच पदार्थ, दोन चवी कशा?

१९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत काम करत होते. पीटीसी या रसायनाची थोडी भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती चांगलीच कडू लागली, फॉक्स यांना मात्र काहीच चव लागली नाही. पुढे अभ्यासातून कळलं, की काही कडू चवी कुणाला जास्त आणि कुणाला कमी जाणवतात, आणि यात आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांचा वाटा असतो. म्हणजे एकाच ताटातली भाजी दोन भावंडांना वेगळी लागू शकते. दोघंही खरंच बोलत असतात.

दुसरं कारण वयाचं. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त बोचते. तिसरं कारण सवयीचं. नवीन पदार्थ आवडायला लागण्याआधी तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावा लागू शकतो. त्यामुळे पालकहो, एकदा ताटात उरलं म्हणून 'याला आवडतच नाही' असा शिक्का मारू नका. घासभर वाढा, जबरदस्ती करू नका, आणि पुन्हा कधीतरी वाढा.

नेमकं काय आवडत नाही?

'आवडत नाही' एवढं लिहून थांबलं की निबंध दोन ओळींत संपतो. म्हणून स्वतःला विचारा : चव आवडत नाही, वास आवडत नाही, की तोंडात लागतं ते आवडत नाही? मराठीत यासाठी किती छान शब्द आहेत बघा. कडू, तुरट, आंबूस, उग्र, गुळचट, मिळमिळीत, चरचरीत, बुळबुळीत, गिचका, चिवट, खरखरीत, कुरकुरीत.

नेमका शब्द सापडला की पुष्कळदा उपायही सापडतो.

• भेंडी बुळबुळीत लागते? धुऊन, कोरडी पुसून मग चिरली आणि परतताना दोन आमसुलं टाकली, तर तार कमी सुटते.
• अळू घशाला खाजतो? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. म्हणून अळू नीट शिजवायचा आणि त्यात चिंच किंवा आमसूल घालायचं. आजी चिंच विसरत नाही, ती उगाच नाही!
• पिठल्यात गुठळ्या लागतात? मग तक्रार पिठल्याबद्दल नाही, गुठळ्यांबद्दल आहे.

आवडती पाककृती : पिठलं

साहित्य : १ वाटी बेसन, ३ ते ४ वाट्या पाणी, ३ चमचे तेल, १ कांदा, ५-६ लसूण पाकळ्या, ३ हिरव्या मिरच्या, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, कोथिंबीर.

कृती : बेसन थोड्या गार पाण्यात कालवून घ्या. कढईत तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, हळद यांची फोडणी करा. त्यात लसूण, मिरची आणि चिरलेला कांदा परता. उरलेलं पाणी आणि मीठ घालून उकळी आणा. आता कालवलेलं बेसन एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने हलवत राहा. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ काढा. वरून कोथिंबीर घाला.

कारण : कोरडं बेसन थेट उकळत्या पाण्यात पडलं की बाहेरचं पीठ लगेच शिजून चिकट होतं आणि आतलं कोरडंच राहतं. तीच गुठळी. म्हणून आधी गार पाणी.

नावडती पाककृती : कारल्याची भाजी

साहित्य : पाव किलो कारली, ३ चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, १ चमचा तिखट, १ चमचा गोडा मसाला, २ चमचे चिंचेचा कोळ, २ चमचे गूळ, २ चमचे दाण्याचं कूट किंवा ओलं खोबरं, मीठ.

कृती : कारल्यांच्या बिया काढून पातळ चकत्या करा. त्यांना चमचाभर मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा, मग घट्ट पिळून पाणी काढून टाका. फोडणीत चकत्या परतून, झाकण ठेवून मऊ होऊ द्या. त्यानंतर चिंच, गूळ, तिखट, मसाला आणि कूट घाला. चव पाहून लागलं तरच मीठ घाला.

कारण : मीठ फोडींमधलं पाणी बाहेर ओढतं, त्याबरोबर थोडा कडूपणाही जातो. चिंच शेवटी का? आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही. कारलं आधी शिजायला हवं.

एवढं लिहूनही कारलं आवडेलच असं नाही. आवडायलाच हवं असंही नाही. पण आता आपल्याला माहीत आहे, की या भाजीमागे कुणाचे तरी हात किती वेळ राबले.

'अंदाजे'चं काय करायचं?

आजीला कृती विचारली की ती म्हणते, "मूठभर डाळ घ्यायची, चिमूटभर हिंग, आणि मीठ आपलं अंदाजे." भातात पाणी किती, तर बोटाचं एक पेर. हे चुकीचं माप नाही. पन्नास वर्षांच्या सरावाचं माप आहे. पण मूठ आजीची आहे, आपली नाही. म्हणून आजी डाळ घेईल तेव्हा ती आधी वाटीत ओतायला सांगा, आणि किती भरली ते लिहा. आपली वाटी केवढी तेही लिहा, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली आलं आणि घराघरांत पोहोचलं. त्यात मापं वाटी-चमच्यात दिलेली असल्याने नव्याने स्वयंपाक करणाऱ्यालाही ती सोपी जातात. आपल्या शाळेतल्या पोषण आहारातही पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. मापं लिहून ठेवली की करणारे हात बदलले तरी पदार्थ राहतो. लिहिली नाहीत, तर आजीबरोबर तिची आमटीही जाते. मग घरात सगळे एवढंच म्हणतात, "तशी चव आता येत नाही."

लिहिताना लक्षात ठेवा

१. 'घ्या, करा' असं लिहा किंवा 'घ्यावे, करावे' असं. एका पाककृतीत दोन्ही मिसळू नका.
२. क्रियापदं नेमकी वापरा. पालेभाजी निवडतात, खोबरं खवतात, काकडी चोचवतात, कणीक मळतात, पोळी लाटतात, भाकरी थापतात, दूध आटवतात. सगळीकडे 'करा' लिहू नका.
३. प्रत्येक कृतीत निदान एक 'का?' विचारा आणि त्याचं उत्तर लिहा.
४. पदार्थ कुणाकडून शिकलात ते नात्यासह लिहा : आजी, मावशी, आत्या, बाबा, शेजारच्या काकू.

या आठवड्याचा अभ्यास

वहीच्या पानावर चार रकाने आखा : कोण, आवडता पदार्थ, नावडता पदार्थ, नावडण्याचं नेमकं कारण. घरातल्या तिघांना आणि दोन मित्रमैत्रिणींना विचारून भरा. एकाचा नावडता पदार्थ दुसऱ्याच्या आवडत्या रकान्यात सापडला, तर त्याभोवती गोल करा. मग ज्याला तो आवडतो, त्याच्याकडून त्याच्या घरची कृती मापासकट लिहून घ्या. सोमवारी आपण त्या वर्गात वाचू. आणि हो, ज्यांना जमेल त्यांनी त्या पदार्थाचा एक घास खाऊन या.