थकलेले महावीर



अमेरिकेंतील सचित्र मासिकांतून 'सुपरमॅन' नांवाचा महावीर १९३८ सालीं अवतरला. आकाशांतून उडावें, धावती आगगाडी थोपवावी आणि अंगावर ओरखडाहि उठूं नये, असा त्याचा महिमा! पुढें १९४१ मध्यें 'कॅप्टन अमेरिका' आणि १९६२ मध्यें हिरव्या देहाचा संतापी 'हल्क' त्याच्या पंक्तीस येऊन बसले. त्यांच्या कथा वाचणारीं मुलें आजोबा झालीं. परंतु चित्रांतील या वीरांचा एक केसहि पिकला नाहीं.

'त्यांनाहि आपल्याप्रमाणेंच वय झालें असतें तर?' हा साधा प्रश्न मार्सेय येथें राहणारा फ्रेंच कलावंत जिल बार्बिए यानें २००२ सालीं एका शिल्पसमूहांतून विचारला. त्याचें नांवच मुळीं 'वृद्धाश्रम' या अर्थाचें आहे. मूर्ति मेणाच्या, पुरुषभर उंचीच्या. अंगावरचीं वस्त्रें तींच, तारुण्यांतलीं. पण सुपरमॅन वॉकर धरून उभा आहे, हल्क चाकांच्या खुर्चींत बसला आहे आणि कॅप्टन अमेरिका सलाईनची नळी लावून खाटेवर निजला आहे.

२००३ सालीं हा समूह न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत मांडला गेला. इतर देशांतील कलावंतांना अमेरिका कशी दिसते, हाच त्या प्रदर्शनाचा विषय होता. तेव्हां बलाढ्य राष्ट्रासहि वार्धक्य चुकत नाहीं, असा अर्थ त्यांत दिसणें स्वाभाविक होतें.

मला मात्र त्यांत आणखी कांहीं दिसतें. पाहणारास प्रथम हसूं येतें आणि मग तें ओठांवरच विरतें. कारण, आपण काय होतों हें तो पोशाख सांगतो आणि आतां काय आहों हें तो देह सांगतो. या दोहोंच्या मध्यें प्रत्येक वृद्ध मनुष्य उभा असतो.

महाभारतकारांनींहि हें लपविलें नाहीं. मौसलपर्वांत अर्जुन तोच, गांडीव तेंच; पण प्रत्यंचा मोठ्या कष्टानें चढते, अस्त्रें आठवत नाहींत आणि आभीर त्याच्या डोळ्यांदेखत यादवस्त्रियांना पळवून नेतात. म्हणून अर्जुनास कोणी लहान मानलें काय?

मी साठी ओलांडलेला शाळामास्तर. माझी चाहूल लागतांच एके काळीं सारा वर्ग चिडीचूप होत असे. आतां जिना चढतांना नातू माझा हात धरूं पाहतो. पूर्वीं मी तो झिडकारीत असें. त्या मेणाच्या सुपरमॅनचें छायाचित्र पाहिल्यापासून धरूं देतों.