चूक नको, भूल द्यावी!

ऑपरेशन म्हटलं की सगळा भाव खातो सर्जन. पण पडद्याआडचा खरा जादूगार कोण? भूलतज्ज्ञ! चला, त्यांच्या पोतडीत डोकावू.

भूल म्हणजे गाढ झोप, असंच वाटतं ना? साफ चूक! झोपलेल्याला हलवलं तर तो चिडून का होईना, उठतो. भुलेतला माणूस पोटावर सुरी फिरली तरी ढिम्म. एमरी ब्राउन या अमेरिकन भूलतज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत 2010 मध्ये स्पष्टच मांडलं, की ही अवस्था झोपेपेक्षा कोमाच्या जवळची आहे. फक्त इथे रिटर्न तिकीट आधीच बुक असतं!

आणि माहीत आहे का, भूल लाजाळूलाही चढते! संशोधकांनी रोपाला इथरची वाफ दिली आणि पानांना हात लावला. पानं मिटेचनात! किडे गट्टम करणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचाही जबडा उघडाच. अंमल उतरल्यावर लाजणं पुन्हा सुरू. हा शोधनिबंध 2018 चा. मेंदूच नाही, तरी भूल! ही औषधं नेमकं काय करतात, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

लाल केसवाल्यांना भूल जास्त लागते म्हणे? 2004 च्या छोट्या प्रयोगात लाल केसांच्या स्त्रियांना डेस्फ्लुरेन हे हुंगवायचं भुलेचं औषध 19 टक्के जास्त लागलं. हेडलाइन सुपरहिट! पुढच्या मोठ्या पाहणीत मात्र शुद्धीवर येण्यात किंवा दुखण्यात फरक सापडेना. मेंदीवाल्यांनो, तुम्ही तर निर्धास्तच राहा, मामला जीनचा आहे.

आता जरा फ्लॅशबॅक. 1898, जर्मनीतलं कील शहर. सर्जनचं नाव ऑगस्ट बीअर. (नाव बीअर, पण पार्टी वाइनची. कळेलच!) कण्यात कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर करायचा, अशी त्यांची आयडिया. आधी स्वतःवर प्रयोग, पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि कण्यातलं पाणी भळाभळा गळलं. मग पाळी सहायक हिल्डेब्रांटची. इंजेक्शन लागू पडलं आणि परीक्षा सुरू! मांडीत सुई खुपसली, जळती सिगार टेकवली, नडगीवर हातोडा घातला. पठ्ठ्या निवांत! प्रयोग फत्ते, म्हणून दोघांनी वाइन आणि सिगारचा बार उडवला. नंतर मात्र बीअरसाहेबांचं डोकं असं धरलं, की नऊ दिवस सुटेना.

पाणी गळाल्याने होणाऱ्या त्या डोकेदुखीवर उतारा? सुईच बदला! कापत जाणाऱ्या टोकाऐवजी पेन्सिलसारखं टोक. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 110 चाचण्यांचा हिशोब छापला. कमरेतून सुई घातल्यावर होणारी डोकेदुखी 11 टक्क्यांवरून 4.2 वर आली होती!

ऑपरेशननंतर राऊंडला आलेले डॉक्टर हमखास काय विचारतात? ‘गॅस पास झाला का?’ पेशंट लाजतो, नातेवाईक छताकडे बघतात. पण आतडी जागी झाल्याची ती पावती असते. त्यांना लवकर उठवायचा उपाय? च्युइंग गम! चघळताना आतड्यांना वाटतं, जेवण आलं बरं का! 81 चाचण्यांच्या आढाव्यात थोडा फायदा दिसला, सिझेरियनवाल्या आयांनाही.

ओटीतल्या थंडीची तक्रार करता? रास्त आहे! 1996 मध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनवेळी काही पेशंटना ऊब दिली, काहींना नाही. थंड राहिलेल्यांपैकी 19 टक्क्यांच्या जखमेत इन्फेक्शन, उबेतल्यांत फक्त 6 टक्के. पांघरुणाचा असा पॉवरप्ले!

आणि गाणी? 2015 च्या 73 चाचण्यांच्या आढाव्यात संगीताने ऑपरेशननंतरचं दुखणं कमी झालं. पेशंट पूर्ण भुलेत असताना गाणी लावली, तरीसुद्धा!

डेस्फ्लुरेन आठवतंय? एक किलो हवेत सोडलं, तर शंभर वर्षांत पृथ्वी तापवण्यात ते सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं. स्कॉटलंडने 2023 मध्ये त्याला रामराम ठोकला.

राहिला उपास. ऑपरेशनआधी निर्जळी एकादशी कशाला? अमेरिकन भूलतज्ज्ञांचा नियम सांगतो, की धडधाकट माणसाने दोन तास आधीपर्यंत पाणी प्यायलं तरी चालतं. कोरा चहासुद्धा! दूध घातलेल्या चहाला मात्र सहा तास, म्हणजे हलक्या नाश्त्याइतकंच अंतर. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर अर्थात त्यांचंच खरं. आणि ‘नुसता कटिंग घेतला हो’ हे त्यांच्यापासून लपवू नका!