सरपणापासून सिलिंडरपर्यंत

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांतच म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित बांगलादेशात आले. कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ या भागांत त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि पाहता पाहता गावकरीच तिथे अल्पसंख्य झाले.

मदत म्हटली की आपल्याला तांदूळ-डाळ आठवते. पण तांदूळ शिजवायला जळण लागतं. लाखो चुलींसाठी झाडं तुटली, नंतर मुळंही उपटली गेली. टेकड्या बोडक्या झाल्या आणि पावसाळ्यात माती घसरू लागली. सरपण आणायला जंगलात जाणाऱ्या बायका-मुलींच्या जिवाला धोका होता, तो वेगळाच. म्हणून २०१८ पासून निर्वासितांना गॅसच्या शेगड्या आणि सिलिंडर देण्यात आले, आसपासच्या गावांतल्या अनेक कुटुंबांनाही. सरपणाची मागणी झपाट्याने घटली, टेकड्यांवर पुन्हा रोपं लावली गेली. मला ही मदत सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

गावकऱ्यांना वाटा देणं हे उपकार नव्हेत. सुरुवातीला अनेकांनी आपल्या घरातून अन्न दिलं, अंगणात जागा दिली. पुढे मजुरीचे दर पडले आणि त्याची झळ त्यांनाच बसली. मदतीचा निधी आटला की मात्र आधी शिधा कापला जातो, आणि सिलिंडर थांबला तर माणसं पुन्हा कोयता घेऊन त्याच टेकड्यांकडे वळतील.