खेळाडूचे गुरुजी झाले

धान कापून बांधी मोकळी झाली की आपल्या मोहाडीची पोरं तिथंच तीन काठ्या रोवून क्रिकेट खेळतात. ह्याच खेळातल्या एका गुरुजींची हकिकत आम्ही आज सांगतो. त्यांचे नाव चंद्रकांत पंडित. जन्म मुंबईचा, १९६१ सालचा.

रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते शिकले. पुढे सचिन तेंडुलकरही ह्याच सरांकडे शिकला. पंडितांचे काम यष्टिरक्षकाचे. म्हणजे हातमोजे घालून तीन काठ्यांमागे वाकून बसायचे आणि मागे आलेला चेंडू धरायचा. मोठे कष्टाचे काम! पण तिथून सगळे मैदान दिसते. कोण दमला, कोणाचा पाय चुकतो, हे त्याला आधी कळते. १९८६ साली ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले. असे सामने त्यांच्या वाट्याला पाचच आले.

पुढे ते मध्य प्रदेशाचे कर्णधार झाले. रणजी करंडक ही देशातल्या संघांची मोठी स्पर्धा आहे. १९९९ साली तिचा शेवटचा सामना बंगळूरला झाला. पहिल्या डावात मध्य प्रदेश ७५ धावांनी पुढे होता. तरी कर्नाटकाने त्यांना ९६ धावांनी हरवले. हातातोंडाशी आलेला घास गेला.

मग खेळणे सुटले आणि शिकवणे सुरू झाले. त्यांच्या हाताखाली मुंबईने तीनदा करंडक जिंकला. पण २०१७ साली मुंबई शेवटचा सामना हरली. मुंबईने दुसरा शिक्षक नेमला आणि पंडित नागपूरला आले.

विदर्भाचा संघ म्हणजे आपलाच. भंडारा जिल्हा त्यात येतो. १९५७ पासून हा संघ रणजी खेळत होता, पण शेवटच्या सामन्यापर्यंत एकदाही गेला नव्हता. पंडित शिस्तीचे फार कडक. आम्ही जन्मभर शाळा चालवली. नुसत्या धाकाने पोरं शिकत नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. भरवसाही टाकावा लागतो. इथं तरणे खेळाडू होते, तसा चाळिशीला आलेला वसीम जाफरही होता. फैज फजल कर्णधार. इंदूरला दिल्लीशी गाठ पडली. रजनीश गुरबानीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. अक्षय वाडकर ह्या नवख्या पोराने १३३ धावा काढल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ जिंकला. साठ वर्षांची वाट संपली! पुढच्या साली नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक पुन्हा घरीच ठेवला.

नंतर पंडित मध्य प्रदेशात शिकवायला गेले. २०२२ साली पुन्हा बंगळूर, तेच मैदान, आणि समोर मुंबई. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. तेवीस वर्षांपूर्वी जिथं हरले, तिथंच हा कडक माणूस रडला.

२०२५ साली विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक मिळवला. तेव्हा पंडित इथं नव्हते. कर्णधार होता तोच अक्षय वाडकर.