मेम्फिसच्या कॅसेटी : भाग सातवा – खरखरीचा हिशेब

कोऱ्या कॅसेटवर काहीच मुद्रित केलेले नसते, तरी ती वाजवली की 'सूं' असा अखंड आवाज येतो. फितीवरचा लेप सूक्ष्म चुंबकीय कणांचा असतो आणि या कणांची मांडणी कधीच पूर्णपणे सारखी नसते. ही असमानता हेडपुढून सरकली की खरखर होऊन ऐकू येते. फीत जितकी अरुंद आणि तिचा वेग जितका कमी, तितकी खरखर जास्त. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. फिलिप्सने १९६३ मध्ये हे माप ठरवले ते लहान, सुटसुटीत यंत्रासाठी. मेम्फिसच्या रॅपने तीस वर्षांनी त्याच मापावर आपले सगळे भांडवल लावले.

डीजे स्क्वीकी, डीजे पॉल, जूसी जे, टॉमी राइट थर्ड यांच्या सुरुवातीच्या टेपा घरच्या साधनांवर झाल्या. असे घरगुती काम शक्य झाले ते चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रामुळे. टीएकने १९७९ मध्ये 'पोर्टास्टुडिओ' बाजारात आणला. नेहमीच्या कॅसेटवर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन असे चार पट्टे असतात. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने वापरते, त्यामुळे ठेका, बास आणि आवाज वेगवेगळे मुद्रित करता येतात. चार पट्टे अपुरे पडले, तर तीन पट्ट्यांवरचे एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर पुढचे काम करायचे. या उतरवण्यात ठेक्याची दुसरी पिढी होते आणि तयार गाणे साध्या कॅसेटवर उतरले की तिसरी. म्हणजे पहिली प्रत विकली जाण्याआधीच खरखरीचे तीन थर साचलेले असतात.

त्यापुढची वाढ दोन डेकच्या यंत्रांवर झाली. प्रत्येक प्रत फितीची स्वतःची खरखर घालते. खरखर सारख्याच ताकदीची धरली, तर पिढ्यांची संख्या दुप्पट झाली की ती सुमारे ३ डेसिबलने वाढते : दुसऱ्या पिढीला ३, चौथीला ६, आठवीला ९. त्याच वेळी वरच्या पट्टीतला आवाज दर पिढीला बोथट होत जातो, कारण दोन यंत्रांच्या हेडचा कोन क्वचितच तंतोतंत जुळतो. डॉल्बी-बी ही खरखर दाबणारी सोय मुद्रण आणि वादन या दोन्ही वेळी सुरू असावी लागते. साधी मुद्रित केलेली कॅसेट डॉल्बीचे बटण दाबून वाजवली आणि तीच पुढे उतरवली, तर गायकाच्या तोंडावर घोंगडी टाकल्यासारखा आवाज कायमचा त्या प्रतीत बसतो.

मागील भागातील 'ड्रॅग रॅप'च्या हकिकतीवरून एक विचारणा झाली : त्या गाण्याची चांगली प्रत सहज मिळते, मग मेम्फिसच्या टेपांची का मिळत नाही? फरक माध्यमाचा आहे. 'ड्रॅग रॅप' १९८६ मध्ये प्रोफाइल रेकॉर्ड्सने तबकडीवर काढले. तबकड्या एकाच साच्यातून निघतात; एक झिजली तरी दुसरी तितकीच अस्सल असते. हातांनी उतरवलेल्या कॅसेटींत दोन प्रती सारख्या नसतात. साच्याच्या जागी एखादी कॅसेटच असे. ती दर प्रतीसाठी पुन्हा वाजे आणि दर वेळी थोडी झिजे. काही ध्वनिमुद्रणे पुढे सीडीवर आली. डीजे पॉल आणि जूसी जे यांच्या थ्री सिक्स माफिया या गटाने १९९९ मध्ये 'अंडरग्राउंड व्हॉल्यूम १' या नावाने १९९१ ते १९९४ ची गाणी एकत्र केली. हे भाग्य मोजक्यांच्या वाट्याला आले. बाकीचे संगीत आज ज्या कुणाच्या खणात जी प्रत उरली, त्या प्रतीपुरतेच उरले आहे.

अशी प्रत हाती आली की पहिला प्रश्न खरखरीचा नसून वेगाचा असतो. मोटर थोडी मंद किंवा वेगवान असली की सूर बदलतो; ६ टक्क्यांच्या फरकाने गाणे अर्ध्या सुराने सरकते. तीन-चार यंत्रांचे दोष एकावर एक चढले की मूळ स्वर कानाने ओळखता येत नाही. टीआर-८०८ या ड्रम मशीनची काऊबेल, म्हणजे गुरांच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज, प्रमाण मानता येईल असे वाटते. ८०८ मध्ये तो सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्झच्या दोन लहरींतून तयार होतो आणि तिथे सूर बदलण्याची खुंटी नाही. पण मेम्फिसमध्ये ही घंटा पुढच्या काळातल्या ड्रम मशीनवर हव्या त्या सुरात लावून तिच्यावर चाली वाजवल्या गेल्या. त्यामुळे हा स्वरकाटा निकामी ठरतो.

खरा काटा विजेचा आहे. अमेरिकेत घरातला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा असतो, भारतात आणि युरोपात ५० चा. स्वस्त यंत्रांत ही गुणगुण मुद्रणात शिरते. आवाजाचा आलेख काढल्यावर ६० च्या जागी ६२ वर बारीक रेघ दिसली, तर टेप सुमारे ३ टक्के वेगाने धावते आहे हे उघड होते आणि तितकीच ती मंद करता येते. अनेक पिढ्यांच्या प्रतीत अशा रेघा एकाहून जास्त असतात, कारण प्रत्येक यंत्र आपापली गुणगुण सोडून जाते. शेवटच्या यंत्राची रेघ बरोबर जागेवर असते. जुन्या यंत्रांच्या रेघा सरकलेल्या असतात. मेम्फिसची कॅसेट पॅरिसमध्ये संगणकावर उतरवली असेल, तर ६० च्या आसपासच्या रेघांशेजारी ५० ची रेघही सापडू शकते. दोष समजली जाणारी गुणगुण अशा रीतीने टेपच्या प्रवासाचा दाखला बनते. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने गाणी मुद्दामच मंद केली, म्हणून त्याच्या टेपांना हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. या भागासाठी ठरलेला तो विषय पुढील भागात येईल.

वेगानंतर हेडचा कोन. हेडशेजारचा छोटा स्क्रू फिरवत वरचे स्वर सर्वांत उजळ ऐकू येतील तिथे थांबायचे. याने फक्त शेवटच्या प्रतीचा कोन सुधारतो. आधीच्या प्रतींत जे गेले ते परत येत नाही. खरखर संगणकाने पुसण्याची पाळी सर्वांत शेवटी, आणि तिथेच जास्त नुकसान होते. हाय-हॅटचा 'चिक्' आणि फितीची 'सूं' एकाच पट्टीत राहतात. एक पुसताना दुसराही जातो आणि गाणे पाण्याखाली वाजल्यासारखे लागते. म्हणून जाणते संग्राहक न पुसलेली प्रत वेगळी जपतात.

या टेपांना नवे रूप देणाऱ्यांनी उलट वाट धरली. मायामीचा स्पेसघोस्टपर्प आणि त्याचा रेडर क्लॅन यांनी मेम्फिसचा हा मळकट आवाज आपला मानला. त्याची 'ब्लॅकलँड रेडिओ ६६.६' ही मिक्सटेप २०११ ची. या आवाजावर उभ्या राहिलेल्या शैलीचे 'फॉन्क' हे नाव त्याच्यामुळे रूढ झाले. पुढे कॅनडाचा डीजे स्मोकी, फ्रान्सचा सूदिएर यांच्यासारख्यांनी जुन्या टेपेतला एखादा तुकडा कापायचा, तो फिरत ठेवायचा आणि त्याखाली जॅझ किंवा सोलचा मऊ नमुना अंथरायचा, अशी पद्धत बसवली. तुकड्यासोबत आलेली खरखर त्यांनी ठेवली, कारण तुकडा फिरला की तीही ठेक्यात फिरते : दर आवर्तनाच्या कडेला ती तुटते आणि पुन्हा सुरू होते. २०२० च्या आसपास रशियातून पसरलेल्या 'ड्रिफ्ट फॉन्क'ने काऊबेल आणि फाटलेला बास उचलला. जुने आवाज मात्र हळूहळू मागे पडले.

आता स्वच्छ गाण्यावर खरखर वरून पसरण्याची सॉफ्टवेअरे मिळतात, आणि खरी-खोटी ओळखण्याची खूण वर आलेल्या हिशेबातच आहे. अनेक पिढ्यांच्या टेपेत माणसाचा आवाज बोथट असतो, पण शेवटच्या फितीची खरखर मात्र ताजी आणि तीक्ष्ण असते. बनावट मळात बहुधा दोन्ही सारखेच तीक्ष्ण किंवा सारखेच बोथट असतात. मूळ कॅसेट नाहीशी झाली आणि तुकडा फक्त रिमिक्समध्ये उरला, तर तो कितव्या प्रतीवरून घेतला याचा अंदाज याच फरकावरून बांधावा लागतो.