देवळाली? कुठली देवळाली?

ऑफिसात ‘देवळाली’ म्हणून बघा. समोरचा लगेच नाशिकला पोचतो. तोफखाना, छावणी, थंड हवा वगैरे. इंग्रजीतला ‘डुलाली’ हा शब्दही तिथलाच. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून डोकं फिरलेल्या गोऱ्या सोल्जरांवरून आलेला. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या देवळालीबद्दल. देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर. २०२४ पर्यंतचा अहमदनगर.

शिर्डीला जाताना नगर-मनमाड रोडवर ‘राहुरी फॅक्टरी’ असा स्टॉप लागतो ना? चहा घेऊन आपण पुढे सटकतो. साखर कारखान्यावरून नाव पडलेली ही वस्ती राहुरी नगरपालिकेत नाही, देवळाली प्रवराच्या हद्दीत येते! राहुरी शहर मुळेचं, देवळालीच्या नावात मात्र प्रवरा. ही नदी रतनगडाच्या बाजूने निघते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या कालव्यांनी हा कोरडा पट्टा उसाचा केला. पाऊस अकोल्याच्या डोंगरात, पीक इथे, असा मामला.

आता कारभार. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३० हजारांच्या आसपास. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात २५ ते ४० हजारांचं गाव म्हणजे ‘क’ वर्ग. ‘क’ म्हणजे अगदीच लिंबूटिंबू वाटतं? स्पेनमध्ये आठ हजारांवर नगरपालिका आहेत आणि बहुतेकींची लोकसंख्या पाच हजारांच्याही आत! तिथे नगराध्यक्ष साधारणपणे नगरसेवकच निवडतात. आपल्याकडे मात्र नियमांचा झोपाळा. २०१६ ला थेट जनतेतून, २०२० ला पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ ला परत थेट. सोबतीला सरकारने नेमलेला मुख्याधिकारी असतो. ठराव सभागृहाचा, अंमलबजावणी त्याची.

यात आपलं काय, असं म्हणाल. तर ऐका. २०१६ च्या शेवटी निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या शेवटी संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि निवडणुका लांबत गेल्या. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावल्यावर डिसेंबरमध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींत मतदान झालं. देवळाली प्रवरा त्यातलीच. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. घरपट्टी येत होती, नळपट्टी येत होती; पण गटार तुंबलं तर ज्याच्या दारात जाऊन भांडावं, असा हक्काचा नगरसेवक नव्हता. अधिकारी चांगला असू शकतो, पण त्याला तुमचं मत नको असतं. फरक पडतो तो इथेच.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांचं आई-वडिलांचं घर अशाच एखाद्या ‘क’ वर्ग गावात आहे. अमेरिकेत कोण निवडून आलं, ते आपल्याला पाठ. गावच्या वॉर्डात कोण, ते मात्र बाबांना विचारावं लागतं. तेव्हा या वीकेंडला फोन कराल तेव्हा ‘जेवलात का?’नंतर आणखी एक विचारा, ‘आपला नगरसेवक कोण? आणि पाणी किती दिवसांनी येतं?’ बाबा अर्धा तास बोलतील. ऐकून घ्या!