गुहेतील अस्वलांची बेगमी

ऑस्ट्रिया देशात मिक्सनित्स गावाजवळच्या डोंगरात एक प्रचंड गुहा आहे. तिला 'ड्रॅगनची गुहा' म्हणतात. आत सापडणारी मोठमोठी हाडे त्या अक्राळविक्राळ प्राण्याचीच, असा पूर्वी लोकांचा समज होता. वस्तुतः ती अस्वलांची होती. जर्मनीतील अशाच एका गुहेतल्या कवटीवरून रोझेनम्युलर या शास्त्रज्ञाने १७९४ साली या जातीला नाव दिले. त्या लॅटिन नावाचा अर्थही 'गुहेतील अस्वल' असाच होतो.

एका ठिकाणी इतकी हाडे आली कोठून? एखादा प्रलय झाला असेल काय? तसे नाही. ही अस्वले मुख्यतः पालापाचोळा खाणारी. उन्हाळाभर खाऊन अंगावर चरबी साठवायची आणि हिवाळा गुहेत झोपून काढायचा, हा त्यांचा क्रम. आमच्या घरी पावसाळ्याआधी धान्याची बेगमी करतात, तशी ही अंगावरची बेगमी! ज्यांना ती पुरली नाही, ती पिल्ले, म्हातारी, दुखणाईत अस्वले उठलीच नाहीत. एका हिवाळ्यात एखाददुसरे; परंतु असे हिवाळे हजारो गेले, आणि हाडांची रास झाली. सुमारे २४ हजार वर्षांपूर्वी ही जातच नामशेष झाली.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात खताची टंचाई पडली. तेव्हा, १९२० च्या सुमारास, हाडांनी व वटवाघळांच्या विष्ठेने कसदार झालेली या गुहेतील माती खणून शेतांत घातली गेली. ज्यांची स्वतःची बेगमी अपुरी पडली, त्यांनी अखेर माणसांच्या बेगमीला हातभार लावला.